पोळा फुटला, खटका दाबला, आणि... (सव्वीस वर्षांपूर्वी हुकलेला एक फोटो)

फोटूवाला | २३ ऑगस्ट २०२५, रात्री १०:१५

काल पोळा झाला. यंदा वाशीम जिल्ह्यातल्या एका गावात होतो. चारशे बारा फोटो काढले. रात्री घरी येऊन सगळे पाहत बसलो, तर बायकोनं दारातूनच विचारलं, "भेटला का?" मी नाही म्हटलं. ती झोपायला गेली. दर पोळ्याच्या रात्री आमच्याकडं एवढंच बोलणं होतं. एकदा सगळं लिहून टाकावं म्हणून हा धागा.

१९९९ साल. मी चोवीस वर्षांचा, यवतमाळात एका स्टुडिओत कामाला. लग्नं, बारशी, पासपोर्ट साइज, आणि मयताचे फोटो मोठे करणं. या शेवटच्या कामाची बाहेरच्यांना कल्पना नसते. माणूस गेला की चौथ्या-पाचव्या दिवशी घरचं कोणीतरी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन यायचं. कोणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतलं अर्धं तोंड, नाहीतर निवडणुकीचं ओळखपत्र. "तेरवीच्या आत पाहिजे." आम्ही तो चेहरा उचलायचो, ब्रशनं डोळे आणि मिशी भरायचो, मागं निळा रंग द्यायचो. खेड्यातल्या कितीतरी भिंतींवर मी रंगवलेल्या मिशा आहेत.

सुटीच्या दिवशी मालकाचा पेंटॅक्स के-१००० न्यायची मला मुभा होती, रीळ मात्र माझ्या पैशाचं. त्या पोळ्याला कोनिकाचं छत्तीसचं रीळ भरलं आणि एसटीनं दारव्ह्याकडच्या एका गावी गेलो. गावाचं नाव सांगत नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडक्यात: आमच्याकडं पोळा 'भरतो' आणि 'फुटतो'. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी, बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळून "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणायचं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर झूल, घुंगरमाळा, बाशिंगं लावून जोड्या आखरावर, म्हणजे गावाच्या कडेच्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभ्या राहतात. झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं म्हणतात, दर झडतीला "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव". मग तोरण तुटतं, पोळा फुटतो आणि सगळ्या जोड्या मारुतीकडं पळत सुटतात.

त्या दिवशी तोरण तुटलं आणि सगळा गाव माझ्या अंगावरून गेला. धूळ आणि गुलाल. थोडं निवळल्यावर पाहतो तर एक म्हातारा जागचा हललेला नाही. त्याचा बैल पांढरा, कपाळावर चांद. मुंडासं सुटून खांद्यावर आलेलं. त्यानं दोन्ही हातांनी बैलाची शिंगं बुडाशी धरली आणि आपलं कपाळ बैलाच्या कपाळाला टेकवलं. डोळे मिटलेले. मागं सगळा पोळा पळतोय आणि ही दोघं उभी. दिवसभर ढग होते, नेमकं तेव्हाच पश्चिमेकडनं ऊन खाली उतरलं.

१/१२५, एफ ४. तीन वेळा खटका दाबला. काउंटरवर २९, ३०, ३१.

रीळ धुऊन आलं तेव्हा ते या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं नारिंगी होतं. कोरं. भरताना रिळाचं शेपूट उजवीकडच्या चकरीत नीट अडकलंच नव्हतं. के-१००० चा काउंटर रीळ सरकत नसलं तरी पुढं जातो. खटका ओढताना डावीकडची चकरी फिरते का तेवढं पाहायचं असतं, ते मी पाहिलं नाही. निगेटिव्हच्या कडेला कंपनीचं नाव आणि छापील आकडे मात्र होते. २९, ३०, ३१. वर काही नाही.

तेव्हापासून दर पोळ्याला कुठं ना कुठं असतो. वर्धा, अमरावती, वाशीम, अकोला. २०२० आणि २०२१ ला करोनामुळं पोळाच भरला नाही, ती दोन वर्षं सोडून. तो फोटो काही भेटला नाही.

आयएसओ_६४०० | २३ ऑगस्ट, रात्री ११:०२

भारी लिहिलंय काका. पण आता हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या सुटलेला आहे. नवीन मिररलेस कॅमेऱ्यांत प्री-कॅप्चर असतं, बटण दाबायच्या आधीचा अर्धा-एक सेकंदही साठवून ठेवतात. सेकंदाला वीस-तीस फ्रेम. ७०-२०० लावून तोरणावर फोकस लॉक करा. असा क्षण सुटूच शकत नाही.

फोटूवाला | २३ ऑगस्ट, रात्री ११:२०

@आयएसओ_६४०० भाऊ, क्षण माझ्याकडून सुटला नव्हता. वेळेवर दाबला होता, फोकसही बरोबर होता. रीळ नव्हतं.

आणि तोरणावर लॉक करून काय करू? हे तोरणाखाली झालं नाही, तोरण तुटल्यावर झालं, सगळे निघून गेल्यावर. मला पोळा फुटल्यानंतरचा रिकामा आखर पाहिजे. त्यात एक माणूस पाहिजे ज्याला घाई नाही.

उजेडाचीही गोष्ट आहे. पोळा अमावस्येचा, त्यामुळं तारीख फिरते. २०२३ ला अधिक श्रावण आला म्हणून १४ सप्टेंबर, २०२४ ला २ सप्टेंबर, यंदा २२ ऑगस्ट. ऑगस्टातला पोळा बहुतेक वेळा पावसात जातो आणि झूल भिजून काळी पडते. सप्टेंबरातल्या पोळ्याला एखादवेळी ते तिरपं ऊन मिळतं. म्हणजे तीन वर्षांतून एकदा बरा उजेड. त्या उजेडात बरा म्हातारा, त्या म्हाताऱ्याचा बरा बैल. जमवा हिशेब.

टिवल्याबावल्या | २४ ऑगस्ट, सकाळी ८:४०

एआयला सांगा ना राव. "विदर्भातला म्हातारा शेतकरी, पांढरा बैल, कपाळाला कपाळ, मागे धूळ." दहा सेकंदांत चार नमुने. हे घ्या, मी करून टाकलाय.

पऱ्हाटी | २४ ऑगस्ट, सकाळी ९:१५

@टिवल्याबावल्या तुमच्या चित्रातल्या बैलाला बाशिंगाच्या जागी नवरदेवाच्या मुंडावळ्या आहेत, आणि म्हाताऱ्याचा फेटा कोल्हापुरी आहे. वेसण तर नाहीच. असा बैल आमच्या गावात घुसला तर लोक काठ्या घेऊन धावतील.

टिवल्याबावल्या | २४ ऑगस्ट, सकाळी ९:१८

ताई, दहा सेकंदांत वेसण कुठून आणू 😀

नॅरोगेज | २४ ऑगस्ट, दुपारी १:३०

फोटूवाला, तुमचं दुखणं मला कळतं. माझं शकुंतलेचं आहे.

माहीत नसलेल्यांसाठी: मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर अशी अडीच फुटी रुळांची गाडी. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं इथला कापूस मुंबईकडं न्यायला घातलेली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन तिला सत्तर वर्षं ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ ला ते काढून डिझेल लावलं.

त्याच्या आदल्या वर्षी मामाकडं कारंज्याला होतो. बाबांचा आगफा क्लिक हातात, रिळात बारा फोटो. बाराच्या बारा मामाच्या पोराच्या बारशात संपवले, त्यातले चार केकचे! संध्याकाळी रुळाकडं गेलो तर गाडी पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीच्या शेतातून येत होती. इतकी हळू, की एक बाई खाली उतरून शेण उचलून पुन्हा चढली. धूर पिकावर आडवा पसरलेला. मी रिकामा कॅमेरा डोळ्याला लावून उभा. का लावला होता कोण जाणे.

तुमचं नशीब एवढं की पोळा दरवर्षी येतो. माझं इंजिन येत नाही.

फोटूवाला | २४ ऑगस्ट, दुपारी २:०५

रिकामा कॅमेरा डोळ्याला लावून उभा राहणं... हे वाचून जरा वेळ काही सुचलं नाही.

बांधावरचा सारस | २४ ऑगस्ट, सायंकाळी ६:५०

गोंदियाहून. माझा फोटो होता सारसाच्या पिल्लाचा. सारस धानाच्या बांधीतच घरटं करतो, बहुधा दोन अंडी, महिनाभर उबवण. पिल्लं निघाली की दोन-चार दिवसांत आई-बाप त्यांना घेऊन बांध ओलांडतात. ती ओलांडणी मला पाहिजे होती. पहिल्यांदा दिसली तेव्हा मेमरी कार्ड घरी लॅपटॉपमध्ये राहिलं होतं. पुढं नऊ वर्षं लागली.

नऊ वर्षांत एक गोष्ट शिकलो, ती सांगतो. मी पक्ष्याच्या मागं होतो तोवर काहीच हाती लागलं नाही. नंतर ज्याच्या बांधीत घरटं होतं त्या शेतकऱ्याच्या ओसरीवर चहा पिऊ लागलो. घरटं किती जागा खातं, तेवढा धान किती जातो, पाणी कधी सोडायचं, हे सगळं त्याच्याकडून कळलं. शेवटी फोन त्याचाच आला, "या, आज निघणार दिसते." तुम्ही दरवर्षी नवीन गाव कशाला धरता? एकाच गावात जात राहा. आणि जिथं ते घडलं त्याच गावात का नाही?

फोटूवाला | २४ ऑगस्ट, रात्री ९:३०

जमलं नाही.

पऱ्हाटी | २४ ऑगस्ट, रात्री १०:१०

सव्वीस वर्षं वर्धा-अकोला जमलं आणि दारव्हा जमलं नाही?

असो, तुमचा प्रश्न. मला वेगळंच म्हणायचं आहे. तुमच्या सगळ्या वर्णनात पोळा आखरावर सुरू होतो आणि मारुतीपाशी संपतो. तिथं बायका नसतातच, काठावर किंवा गच्चीवर असतात. आमचा पोळा बैल दारात येतो तेव्हा सुरू होतो. पाय धुणं, ओवाळणं, सुपात पुरणपोळी आणि शिजवलेल्या ज्वारीचा ठोंबरा. गड्याला बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी. माझी आई बैलाच्या तोंडाशी हात नेऊन त्याच्याशी जे बोलायची ते ती आमच्याशीही कधी बोलली नाही. एकाही फोटोवाल्याला मी त्या वेळी आमच्या अंगणात पाहिलं नाही. सगळे आखरावर धूळ खात असतात.

आयएसओ_६४०० | २४ ऑगस्ट, रात्री १०:४०

पण काका, तुमच्याकडं पंचवीस वर्षांच्या पोळ्याच्या फोटोंचा साठा असेल की! बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले. ही केवढी मोठी नोंद आहे. प्रदर्शन करा. खरं तर तो एक फोटो हुकला म्हणूनच हे सगळं मिळालं...

फोटूवाला | २४ ऑगस्ट, रात्री ११:५५

हे मला सगळे सांगतात. बायकोही सांगते. साठा आहे, सतरा-अठरा हजार असतील. गेल्या वर्षी एका गावात तोरणाखाली सहा जोड्या आणि नऊ ट्रॅक्टर होते. बॉनेटला झूल, सायलेन्सरला चवऱ्या. २०२३ ला गुरांच्या लम्पी रोगामुळं बऱ्याच ठिकाणी बैल घरीच पुजले, तेव्हा कुलूपबंद कोठ्यांचे फोटो आहेत. तुम्हाला पाहिजे तर घेऊन जा, प्रदर्शन करा. मला तो फोटो पाहिजे.

आता कबूल करायला सुरुवात केलीच आहे तर आणखी एक. २००७ साली वर्धेकडं एका गावात उजेड तसाच होता, अगदी तसा. गवळाऊ बैल, पांढराशुभ्र. आणि एक म्हातारा. मी त्याला म्हटलं, "बाबा, जरा डोकं टेकवता का बैलाला?" त्यानं टेकवलं. दोन मिनिटं उभा राहिला बिचारा, मी म्हणेन तसा. तो फोटो एका स्पर्धेत पहिला आला. पाच हजार रुपये आणि ढाल. लोक म्हणाले काय जिव्हाळा आहे. त्या म्हाताऱ्याचा डोळा फोटोत किंचित उघडा आहे, माझ्याकडं पाहतोय, झालं का म्हणून. बाकी कोणाला दिसला नाही. ढाल माळ्यावर आहे.

नॅरोगेज | २५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

हे लिहायला हिंमत लागते. २००६ ला शेतकरी आत्महत्यांमुळं पंतप्रधानांचं पॅकेज आलं तेव्हा यवतमाळात दिल्ली-मुंबईचे कॅमेरे उतरले होते, आठवतं? आमच्या शेजारच्या गावातल्या एका बाईला त्यांनी एकाच आठवड्यात चार वेळा नवऱ्याच्या फोटोखाली बसवलं. पाचव्यांदा तीच म्हणाली, "पदर डोक्यावर घेऊ का, कालच्यानं घ्यायला लावला होता."

फोटूवाला | २५ ऑगस्ट, सकाळी ७:४५

तिच्या भिंतीवरची मिशी मी रंगवलेली असू शकते.

संपादक मंडळ | २५ ऑगस्ट, दुपारी १२:००

एआय चांगलं की वाईट यावरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे पोळा आणि फोटो यांवरच बोलावे.

वखर | ३१ ऑगस्ट, रात्री १२:४०

नमस्कार. मी इथं फक्त वाचतो, लिहीत नाही. हा धागा बहिणीनं पाठवला म्हणून लिहितोय. पुण्यात नोकरीला आहे, गाव दारव्हा तालुक्यात.

फोटूवाला काका, त्या बैलाचं नाव चांद्या होतं. म्हातारा माझा आजा.

मी तेव्हा सात वर्षांचा, तिथंच होतो. लोकसभा-विधानसभा दोन्ही निवडणुका एकदम आल्या होत्या त्या सप्टेंबरात, गावात गुलालाची पोती पडून होती. कोणीतरी पोळा फुटताना ओंजळी भरभरून उधळला. चांद्याच्या उजव्या डोळ्यात गेला. तो डोकं झटकत होता आणि पळायला तयार नव्हता. आज्याला मोतीबिंदू होता. नाकाला नाक लागल्याशिवाय त्याला काही दिसत नसे, आमचं तोंडसुद्धा तो असंच जवळ येऊन पाहायचा. त्यानं शिंगं धरली ती बैलानं डोकं हलवू नये म्हणून. कपाळ टेकवलं ते डोळ्यात पाहायला. मग फुंकर मारली, दोन-तीनदा.

तुम्ही लिहिलं ते वाचून घरी सगळे गप्प झाले. छान वाटतं वाचायला. पण ते तसं नव्हतं, म्हणून सांगितलं. राग मानू नका.

फोटूवाला | ३१ ऑगस्ट, रात्री १:१५

डोळे मिटलेले होते. मी पाहिले. व्ह्यूफाइंडरमधून पाहिले, सव्वीस वर्षं पाहतोय.

वखर | ३१ ऑगस्ट, रात्री १:२२

मिटलेलेच असतील काका. गुलाल त्याच्याही डोळ्यात गेला होता.

आयएसओ_६४०० | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:००

बापरे. म्हणजे तो फोटो आला असता तर खोटा ठरला असता? बैलाच्या डोळ्याची तपासणी, आणि खाली मथळा 'मुक्या जिवाशी हितगुज'?

पऱ्हाटी | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:३५

खोटा कसा? स्वतःच्या डोळ्यात गुलाल, वर मोतीबिंदू, आणि तरी आधी बैलाचा डोळा पाहतो तो माणूस. मला तर ही गोष्ट जास्त आवडली. हितगुजाचे फोटो कॅलेंडरवर पुष्कळ असतात.

@वखर, पुढं डोळ्याचं काय झालं?

वखर | ३१ ऑगस्ट, रात्री १०:०५

घरी आणल्यावर आजीनं दुधाच्या बोळ्यानं धुतला. तरी सुजला. ढोरांचा डॉक्टर दारव्ह्याहून आला, मलम दिलं, तीनेक आठवडे डोळ्यातून पाणी यायचं. डवरणी संपलेली होती म्हणून बरं, नाहीतर काम खोळंबलं असतं. डोळा वाचला. पण त्या सालापासून आज्यानं आमच्या कोठ्यात गुलाल बंद केला. शिंगांना हिंगूळ, अंगाला गेरूचे ठसे, पण गुलालाची चिमटीसुद्धा नाही. मग पाहून पाहून आखरावरही बंद झाला. आमच्या गावच्या पोळ्यात आजही गुलाल उधळत नाहीत. नवीन पोरांना कारण माहीत नाही, रीत आहे म्हणतात.

बांधावरचा सारस | ३१ ऑगस्ट, रात्री १०:३०

म्हणजे फोटूवाला, तुम्ही ज्याची वाट पाहत होता ते त्या गावात त्याच दिवशी कायमचं बंद झालं. आणि बाकीच्या गावांत तुम्ही शांत उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांकडं पाहत राहिलात. पाहायला पाहिजे होतं डोकं झटकणाऱ्या बैलांकडं.

फोटूवाला | ३ सप्टेंबर, रात्री ११:१०

तीन दिवस इकडं फिरकलो नाही. जुनी पेटी काढून बसलो होतो. सारसभाऊ म्हणतात ते खरं आहे. २०१२ च्या एका फोटोत कोपऱ्यात एक बैल मान झटकतोय आणि एक माणूस हात वर करून त्याच्याकडं येतोय. मी पुढची फ्रेम दुसरीकडं वळून घेतली आहे. म्हणजे मी तिथं होतो आणि पाठ फिरवली. २०१६ ला एक बाई पदराच्या टोकानं बैलाचा डोळा पुसतेय, तो फोटो मी धूसर म्हणून बाद केला होता. पऱ्हाटीताई, अंगणातला आहे. चुकून काढलेला.

@वखर, राग कशाचा. एक विचारायचं होतं. आजोबा कधी गेले?

वखर | ४ सप्टेंबर, सकाळी ८:१५

२००४ च्या उन्हाळ्यात. चांद्या त्याच्या आधीच्या वर्षी. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं करायचं म्हणत राहून गेलं. २०१६ ला शेवटची जोडी विकली, आता ट्रॅक्टर भाड्यानं लावतो. वडील पोळ्याला शेजारच्यांची जोडी घरी आणून पूजा करतात.

वखर | ७ सप्टेंबर, दुपारी ४:२०

गावी आलोय, पितृपक्ष लागला म्हणून. आजीला हा सगळा धागा वाचून दाखवला. ऐंशीच्या वर आहे, कान चांगले आहेत. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. टिवल्याबावल्यांच्या ठिकाणी हसली. मग म्हणाली,

"थो फोटूवाला म्हंजे तोच काय रे, ज्यानं अंगनात बसून चहा पेला आन् फोटू धाडतो म्हनून पत्ता लिहून नेला? तुहा आजा पोस्टमनाले दिवाळीलोक इचारे."

काका, तुम्ही आमच्या घरी आला होता?

पऱ्हाटी | ७ सप्टेंबर, दुपारी ४:५०

जमलं नाही, ते हे होय.

फोटूवाला | ७ सप्टेंबर, रात्री ९:४०

हो. तोच.

पोळा झाल्यावर त्यांच्या मागं मागं घरापर्यंत गेलो होतो. त्यांनी पोळी खायला बसवलं. बैल कोठ्यात होता, आत काहीतरी गडबड चालली होती, बायका दूध मागत होत्या. मी लक्ष दिलं नाही. मी खूश होतो. बाबांना म्हटलं, तुमचा असा फोटो काढला आहे की पाहातच राहाल, मोठा करून पाठवतो, पैसे नको. ते म्हणाले, माह्या एकबी फोटू नाही, इलेक्शन कार्डावरचा आहे पण त्यात मी मलेच वळखू येत नाही. पत्ता मी रिळाच्या डबीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला.

रीळ कोरं निघालं. काय लिहू त्यांना? आधी वाटलं पुढच्या पोळ्याला जाऊन चांगला फोटो काढू आणि तोच देऊ. पुढच्या पोळ्याला त्या एसटीत बसलो आणि दारव्ह्याच्या आधीच उतरलो. मग दरवर्षी ते जास्तच अवघड होत गेलं. दुसरीकडं कुठं तसाच मिळाला तर... तर काय, हे मी कधी पुरतं ठरवलंच नाही.

पुठ्ठा अजून आहे.

नॅरोगेज | ७ सप्टेंबर, रात्री १०:००

...

आयएसओ_६४०० | ७ सप्टेंबर, रात्री १०:१२

@वखर, भिंतीवर आजोबांचा फोटो आहे का आता?

वखर | ८ सप्टेंबर, सकाळी ७:३०

आहे. इलेक्शन कार्डावरूनच मोठा केलेला, यवतमाळला. निळा पडदा. आज्याला मिशी कधीच नव्हती, फोटोत आहे. आजी म्हणते असू दे, बरा दिसते.

फोटूवाला | ८ सप्टेंबर, सकाळी ७:५५

२००४ ला मी अमरावतीला आलो होतो. म्हणजे माझी नाही ती मिशी. बहुतेक नाही.

वखर, आजीला माझा नमस्कार सांगा. त्यांची ना नसेल तर येईन म्हणतो. पोळ्याची वाट पाहत नाही, या आठवड्यातच. त्यांचा फोटो काढायचा आहे असंही नाही. त्यांनी काढू दिला तर काढीन.

वखर | ८ सप्टेंबर, सायंकाळी ६:१०

विचारलं. चांद्याची झूल पेटीतून काढून उन्हात घातली आहे तिनं. निरोप जसाच्या तसा: "येजो म्हना. पोयी खाऊन गेल्ता, आता भाकर खाजो. आन् रीळ बराबर घालून आनजो म्हना त्याले."

फोटूवाला | ८ सप्टेंबर, सायंकाळी ६:३२

के-१००० मालकानं दुकान बंद करताना मलाच दिला होता. तोच आणतो.

गुरुवारी निघतो. यवतमाळहून सकाळी साडेसातची एसटी अजून आहे का? तुमच्या फाट्यावर थांबायची ती.

वखर | ८ सप्टेंबर, सायंकाळी ६:४०

ती बंद झाली काका, करोनात बंद झाली ती झालीच. दारव्ह्यापर्यंत या, मी मोटरसायकल घेऊन येतो. बसस्टँडसमोर रसवंतीजवळ उभा राहीन.